फोन घरचा आहे

करमाड,
रविवार

प्रिय अपेक्षा,

अक्षर बघून तुला कळलंच असेल कुणाचं पत्र आहे. अकरावीत तू माझ्या वह्या उतरवून घ्यायचीस आणि माझ्या लांब शेपटीच्या 'ळ'ला हसायचीस. तो अजून तसाच आहे. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोन अजून अजिनाथच्या खिशात असतो आणि जे सांगायचंय ते भावाच्या खिशातून तुझ्यापर्यंत जावं असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे, समोर भेटलीस तर तू धावत येऊन मिठी मारशील आणि मी नेहमीसारखी गप्प बसेन. म्हणून मोनिकाच्या हाती देतेय. ती रोज काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसते, तिला बरंचसं माहीत आहे.

आधी खुशाली सांगते. आम्ही सगळे बरे आहोत. मेंढरांना कोकरं झाली, त्यातलं एक जन्मापासून लंगडं आहे आणि दिवसभर मायच्या मागं मागं फिरतं. अण्णांचा खोकला कमी आहे. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. बारावीच्या परीक्षेत मी पुंडलिकनगरला तुमच्याकडं राहिले होते, तेव्हा पेपरला निघताना त्या तुझ्याआधी माझ्या हातावर दही ठेवायच्या. ते मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना मी सगळंच विसरले असं तुला वाटू नये म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मला तुझा राग आलाय अपेक्षा. इतका की मेंढरांमागं चालताना मी तुझ्याशी मोठ्यानं भांडत असते आणि बांधावरून जाणारी माणसं थांबून बघतात. सुरुवातीला वाटलं, जाईल दोन दिवसांत. तो गेला नाही. वाढतच चाललाय आणि परवाच्या तुझ्या निरोपानंतर तर मला जेवणसुद्धा जाईना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तू कॅन्टीनमध्ये येऊन बसलीस ते आठव. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मुलींचा दिवस कसा जातो ते नीट समजून घ्यायचं, त्याचा नकाशा करायचा आणि त्यावरून वेळेवर आठवण करून देणारं एक अ‍ॅप बनवायचं. नावसुद्धा तू ठरवून आली होतीस, 'हाक'. मी किती खूश झाले होते ते तुला कधी सांगितलं नाही. माझा दिवस कसा जातो हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. घरात कोण विचारणार, सगळ्यांचा दिवस सारखाच. तू वही उघडून बसलीस आणि मी बोलत सुटले. उठल्यावर पाणी भरायचं, मायच्या बरोबरीनं भाकरी थापायच्या, कोकरांना सोडायचं, मग फाट्यावर येऊन जीपची वाट बघायची. जीप भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून तिथंच पुस्तक उघडायचं. वनस्पतिशास्त्राचा माझा निम्मा अभ्यास त्या फाट्यावरच्या लिंबाखाली झालेला आहे. तू मान हलवत होतीस, मध्येच "थांब, थांब, हे भारी आहे" म्हणत होतीस.

मग तू वही मिटलीस. चहा आला. आणि मी तुला ताईबद्दल सांगितलं. वही मिटल्यावर सांगितलं, हे मी परत लिहिते. रूपालीताईनं दोन वर्षांपूर्वी माऊलीदाजींशी कोर्टात लग्न केलं. ते आमच्यातले नाहीत. त्या दिवसापासून अण्णांनी तिचं नाव घेतलेलं नाही, दुसऱ्या कुणी घेतलं तर ते उठून मेंढरांकडं निघून जातात. ती मुकुंदवाडीत राहते, तिला मुलगी झालीय आणि दर गुरुवारी दुपारचा तास बुडवून मी तिच्याकडं जाते. माय माझ्या डब्याखाली तिच्यासाठी दुसरा डबा ठेवते. कधी डिंकाचे लाडू, कधी तूप, एकदा तर बाळासाठी घोंगडीचा मऊ तुकडा. अण्णांना यातलं काही ठाऊक नाही. तुझे डोळे भरून आले होते. माझा हात धरून म्हणालीस, "हे तुझ्यात-माझ्यात." माझे शब्द नव्हते ते, तुझेच होते.

नंतर तू मला तुमच्या विभागात तो नकाशा बघायला नेलंस. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. आम्ही सातआठ जणी, प्रत्येकीचा एक पट्टा. पिवळं म्हणजे अभ्यास, हिरवं म्हणजे प्रवास आणि लाल म्हणजे वाया जाणारा वेळ. माझा पट्टा सगळ्यात लाल होता. लिंबाखालचा अभ्यास तू लाल केला होतास, कारण तिथं मी 'वाट बघत' होते. पाणी आणि भाकरी राखाडी, 'इतर' म्हणून. तुमच्या प्रोजेक्टच्या सोनिया मॅडम कौतुकानं म्हणत होत्या की ग्रामीण मुलींचं वेळेचं नियोजन किती कच्चं असतं हे यातून चांगलं दिसतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू मॅडमकडं बघत होतीस. मी काही बोलले नाही. पट्ट्यात एक गुलाबी चिठ्ठी होती, तिच्यावर नुसता बदाम काढलेला. ती कसली म्हणून विचारलं तर हसून म्हणालीस, सरप्राइज आहे.

त्याच दिवशी तू म्हणालीस, "दे फोन इकडं, मी टाकून देते." मी म्हणाले, "अगं, फोन घरचा आहे. मी कधी कधीच आणते, एरवी अजिनाथकडं असतो, सांजेला अण्णा बघतात." मी हे स्पष्ट बोलले होते. मोनिका शेजारी उभी होती, तिला विचार. तू "हो गं, हो" म्हणत अ‍ॅप टाकूनही टाकलंस. तुझ्याकडं आठवीपासून स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे, खोलीला आतून कडी आहे. 'घरचा फोन' म्हणजे काय हे तुला कळलं नाही, त्याचा मला राग नाही. न कळणं काही गुन्हा नाही. पण मी सांगत होते आणि तू ऐकत नव्हतीस. लोकांचं ऐकून घेण्याचाच प्रोजेक्ट होता ना तो?

आता त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट सांगते. ती तुला अजून कुणी धड सांगितलेली नाही. सांज झाली होती. माय चुलीपुढं होती, मी कोकरांना बाटलीनं दूध पाजत होते. अण्णा ओट्यावर बसून फोनवर कुस्त्या बघत होते. वाचता येत नसल्यामुळं त्यांना फोनमधलं चालतं-बोलतं तेवढंच आवडतं. एकदम कुस्ती थांबली, घंटी वाजली आणि तू बोललीस. तुझा आवाज, अपेक्षा. वाचता न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून तू आठवणी स्वतःच्या आवाजात भरल्या होत्यास ना, तोच. "सृष्टी, उद्या गुरुवार! मुकुंदवाडीला ताईकडं जायचंय ना? बाळाला माझा पापा दे. आणि आईनं दिलेला डबा विसरू नकोस हं!"

कोकराच्या तोंडातली बाटली माझ्या हातून सुटली. माय चुलीपुढं तशीच बसून राहिली, हातातली भाकरी हातात. अण्णांना आधी काही उमगलंच नाही. त्यांनी फोन उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "ही कोण बोलायली?" त्यांनी अजिनाथला हाक मारली. "परत लाव." त्यानं परत लावलं. "अजून एकदा." तू पुन्हा बोललीस, तितक्याच गोडीनं. मी तिथं उभी होते आणि तू माझ्या बापाला हसत हसत सगळं सांगत होतीस. माझं तर सांगितलंसच, वर मायचंही सांगितलंस. ताई कुठं राहते तेसुद्धा. गुलाबी चिठ्ठी कसली होती ते मला तेव्हा कळलं.

अण्णांनी हात उचलला नाही. ओरडलेही नाहीत. मायकडं बघून एवढंच म्हणाले, "म्हंजी घरात मीच येडा व्हय?" आणि मेंढरांकडं निघून गेले. सकाळी अजिनाथनं सांगितलं की माझं कॉलेज बंद. फोन त्यानं ठेवून घेतला. अण्णांनी मायच्या हातचं खाणं सोडलं. तीन दगड मांडून स्वतःच्या भाकरी स्वतः भाजायला लागले. जाड, कच्च्या, करपलेल्या. माय ते लांबून बघायची आणि स्वतःही जेवायची नाही. माझ्या घरात कुणी कुणाला मारलं नाही, म्हणून काही घडलं नाही असं समजू नकोस. तीन दगडांची ती दुसरी चूल बघत मी त्या अंगणात कसे दिवस काढले ते माझं मलाच माहीत. रोज मेंढरं घेऊन जायचे. जाताना रस्त्यात फाटा लागायचा. मोनिका जीपमध्ये चढताना दिसायची.

ताई त्या गुरुवारी वाट बघत बसली. पुढच्याही. तिनं घाबरून फोन केला तेव्हा अजिनाथनं तो कापला.

आणि तू? तू काय केलंस ते सांगू? तुझ्या 'हाके'नं रोज मला हाक मारली. मी कॉलेजला येत नाही हे तिथल्या हजेरीवरून अ‍ॅपला बरोबर कळलं आणि अजिनाथ चौकातल्या टपरीवर मित्रांत बसला असताना त्याच्या खिशातून तुझा आवाज यायला लागला. "सृष्टी, तुझी हजेरीची साखळी तुटली! काही अडचण आहे का? मी आहे ना!" मित्र हसले. त्यानं घरी येऊन सगळा राग माझ्यावर काढला. "तुझी मैत्रीण रोज इचारायलीय, मी आहे ना, मी आहे ना. कुठंय ती?" मीही तेच विचारत होते. कुठं होतीस तू? करमाड काही परदेशात नाही. शेंद्र्याच्या पुढं तर आहे. तुझ्याकडं स्कूटी आहे. तू आली नाहीस, मोनिकाजवळ चिठ्ठी दिली नाहीस, चौकशी केली नाहीस. विचारायचं काम तू फोनवर सोपवलं होतंस आणि फोन ते करत होता, मग तुला वाटलं असेल, झालं.

माझं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात होतं. ते गेलं. पुढच्या वर्षी परत.

हे सगळं असंच राहिलं असतं. राहिलं नाही ते मायमुळं. एका गुरुवारी सकाळी मी उठले तर ती न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. डबा डब्याखाली नव्हता, ओट्याच्या मधोमध ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. अण्णा मेंढरं सोडत होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी आज रुपीकडं जायलेय. पोरीचं पोर अजून बघितलं नाय मी. तुमी बघू नका, तुमची मर्जी. पन चोरून डबा धाडायचा मला लई कंटाळा आला." आमच्या घरात माय अशी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. अजिनाथ मध्ये पडला, लोक काय म्हणतील वगैरे सुरू केलं. अण्णा त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "तू गप ऱ्हाय." मग बराच वेळ ते काठीनं नुसती माती उकरत होते. शेवटी म्हणाले, "सांजच्या आत घरी या." आणि कळप घेऊन गेले. मागं वळून बघितलं नाही. परवानगी द्यायची त्यांची तेवढीच रीत होती.

मायला जीप लागते. ती सगळ्या वाटेत डोळे मिटून माझा दंड धरून बसली होती. ताईनं दार उघडलं आणि तशीच दारात उभी राहिली, आत या म्हणायचंसुद्धा तिला सुचलं नाही. दोघी रडतील असं मला वाटलं होतं. पण मायनं तिला बाजूला सारून पाळण्यातून पोरीला उचललं, टाळूवर हात ठेवून बघितला आणि ताईवर कडाडली, "व्हय गं, तेल कोन लावायचं हिला? टाळू बघ कशी कोरडी ठणठणीत." ताईला हसू फुटलं आणि मग हसता हसताच ती खाली बसली. माऊलीदाजी बिचारे चहाला दूध नाही म्हणून पळत गेले ते दुधाबरोबर पेढेही घेऊन आले आणि कुणाला आधी द्यावा हे न कळून पुडा हातात धरून उभेच राहिले.

परतताना माय मला म्हणाली, "त्या फोनमधल्या पोरीचा आवाज गोड हाय गं. पन बोलायच्या आधी इचारावं ना तिनं." माझ्यापेक्षा ती तुझ्याशी बरी वागली असं म्हण हवं तर.

अण्णा अजून ताईकडं गेलेले नाहीत. जातील की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या चुलीचे दगड मात्र त्यांनी उचलून ठेवले आणि पुढच्या सोमवारपासून मी कॉलेजला यायला लागले. कसं, ते विचारू नकोस. त्यासाठी मायला आणखी एकदा त्यांच्यापुढं उभं राहावं लागलं. मी आलेय हे तुला कळलं असणार. तू स्पर्धेच्या गडबडीत होतीस म्हणे.

आणि परवा मोनिकानं तुझा निरोप आणला. 'हाक' फायनलला गेलंय. मी स्टेजवर यावं, दोन शब्द बोलावे. जमलं तर मायलाही आणावं, लुगड्यातच, ते छान दिसेल. माय ताईकडं जाऊन आली एवढं मोनिकाकडून तुला कळलं होतं, त्यावरून तू शेवटी सांगणार आहेस की तुमच्या अ‍ॅपमुळं दुरावलेल्या मायलेकींची भेट झाली. तुटलेलं घर जुळलं. मोनिका म्हणाली, असं पोस्टरही तयार झालंय, त्यात मेंढरं आहेत. अपेक्षा, तुला एकदाही वाटलं नाही की आधी माझ्याकडं येऊन बसावं? त्या घरात काय झालं ते विचारावं? माझी माय स्वतःहून गेली. वर्षानुवर्षं ज्या माणसापुढं तोंड उघडलं नव्हतं त्याच्यापुढं उभी राहून गेली. तिला तुझ्या घंटीनं नाही नेलं. तुझ्या घंटीनं तिची भाकरी तोडली होती. तिची हिंमत उचलून तू स्वतःच्या पोस्टरवर लावणार? आमच्या घरातल्या सगळ्यात वाईट दिवसांना तू यश म्हणणार आणि वर टाळ्या घेणार? नाही. माय येणार नाही, मी येणार नाही आणि आमची मेंढरंही नाहीत.

पण हे सगळं मनात ठेवून मी गप्प बसले असते, जशी त्या भिंतीपुढं बसले होते. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणानं. काल जीपमध्ये कन्नड तालुक्यातली एक नवी मुलगी भेटली, करमाडला मामाकडं राहून शिकते. म्हणाली, जूनपासून बाहेरगावाहून येणाऱ्या सगळ्या मुलींच्या फोनमध्ये कॉलेज 'हाक' टाकून देणार आहे. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, कसं आहे गं, चांगलं आहे का? फोनच्या मागं तिच्या मामाचा फोटो चिकटवलेला होता. मी तिला एवढंच विचारलं, फोन कुणाचा आहे? मामाचा, म्हणाली. म्हणून बुधवारी मी सोनिया मॅडमकडं जाणार आहे. माझ्या नावानिशी सगळं सांगणार आहे, गुलाबी चिठ्ठीसकट. ते अ‍ॅप कुणाच्याही फोनमध्ये जाण्याआधी तो फोन कुणाकुणाच्या हातात असतो ते प्रत्येकीला विचारा, तिनं लपवायला सांगितलेलं लपवा आणि तोवर ते थांबवा, एवढंच माझं म्हणणं आहे. ऐकल्यावर मॅडम तुला बोलावतील, कदाचित फायनलही जाईल. माझ्या बापाला माझी गोष्ट मी न सांगता, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. तुझ्या बाबतीत मला तसं करायचं नाही. मी काय करणार आहे ते तुला माझ्याकडून आणि आधी कळावं, म्हणून लिहिलं. बुधवारी दुपारी मी तुमच्या विभागाच्या पायऱ्यांवर असेन. आलीस तर आपण दोघी आत जाऊ आणि तुझ्या वाटणीचं तू सांग. नाही आलीस तरी मी आत जाणार आहे.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
सृष्टी